देवाजीभाऊंची काच

देवाजीभाऊंच्या हातात कोणाचाही फोन दिला की ते तो आधी उलटा करायचे. पडद्याकडे त्यांचं लक्षच नसे. मागच्या कॅमेऱ्याची काच उजेडाकडे तिरपी धरायची, डोळे बारीक करून पाहायची, खिशातून धुऊन धुऊन मऊ झालेली कोशाच्या रेशमाची चिंधी काढायची, काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि गोल गोल पुसायचं. मग फोन परत. देणाऱ्यानं त्यात नातवाचा फोटो दाखवायला काढून ठेवलेला असे, लग्नाची पत्रिका असे. ती पाहायची राहूनच जाई.

"पहिले काच," ते म्हणायचे. "बाकीचं मंग."

पवनीत ते आमच्यापासून चौथ्या घरात राहत. मूळचे आसगावचे, घरी धानाची शेती, पण तीस वर्षं एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर पवनीतच राहिले. उंच, किंचित पुढं झुकलेले, जणू अजूनही समोर मोठी काच आहे आणि पलीकडचं काहीतरी नीट दिसत नाही. बोलताना दोन्ही हात पोटासमोर, स्टेअरिंग धरल्यासारखे. वळायचं असेल तर आधी खांदा वळायचा, मग पाय. चहाचा कप बशीत ठेवतानासुद्धा गाडी फलाटाला लावल्यासारखं मागंपुढं पाहत.

त्यांच्या आयुष्याची पूर्ण हकीगत मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहेत ती त्यांची आमच्या गटातली चार वर्षं. आमचा विणकर बायकांचा गट आहे. कोशाच्या आणि सुती साड्या आम्ही फोनवर फोटो पाठवून विकतो. मी गटाची सचिव आहे, म्हणजे जे काम कोणालाच नको असतं ते माझ्याकडे येतं. देवाजीभाऊ आमचे फोटोग्राफर होते. या कामावर त्यांचा फार जीव होता, आणि एकदा ते त्यांच्या हातून काढून घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्यांना हे काम मिळालं ते दसऱ्यामुळं.

दसऱ्याला आमच्याकडे मागाची पूजा होते. त्या वर्षी बायकांनी मागाशेजारी आपापले फोनही मांडले. साड्या त्यांच्यावरच विकल्या जातात, म्हणजे तेही हत्यारच. आता फोनला टिळा लावायचा कुठं? पुढून तर सगळं सपाट. मागं डोळ्यासारखं काहीतरी आहे, म्हणून सगळ्यांनी हळदकुंकू तिथंच लावलं. दुसऱ्या दिवशी पदरानं पुसलं आणि कामाला लागल्या.

त्यानंतर आठवडाभर आमच्या प्रत्येक साडीवर पिवळट धुकं. बाजूनं थोडं ऊन आलं तरी फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाची रेघ. लाल साडी गाजरासारखी दिसे, काळा काठ राखेसारखा. एका गिऱ्हाईक बाईंनी तर विचारलं की ही हळदीच्या कार्यक्रमासाठी खास रंगवलेली साडी आहे का.

देवाजीभाऊ त्या दिवशी वाडीतले दोडके द्यायला आले होते. मी फोन हातात घेऊन वैतागलेली. त्यांनी तो घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला. कॅमेऱ्यावर संरक्षणासाठी आणखी एक काच चिकटवलेली असते, तिच्याखाली हळद शिरून बसली होती. त्यांनी दाढीच्या पात्यानं ती काच अलगद काढली. मग गटातले सगळे फोन मागवले. सातही फोनांत हळद निघाली.

"कोणं लावला हा टिळा?"

कुसुम आमची सगळ्यात चांगली विणकर आणि जिभेनं सगळ्यात तिखट. ती म्हणाली, "मी लावला. काहून?"

"काचेले टिळा लावते का कोणी? मी तीस साल गाडी पुजली. बोनेटले हार, स्टेअरिंगले कुंकू, चाकाखाली लिंबू. पण काचेले कोणाले बोट नाही लावू देलं. देव झाला तरी त्याले समोरचा रस्ता दिसला पाहिजे ना."

"तुमची गाडी रस्त्यानं जाते भाऊ. माझा फोन मागावर बसून राह्यते."

"मंग राहू दे बसून. गिऱ्हाईकही तिकडं बसूनच राहीन."

कुसुमनं आपला फोन पुसायला त्यांच्यापुढं सरकवला. असं क्वचित होतं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

थेट उजेड कॅमेऱ्याच्या काचेत शिरून फोटो असा खराब झाला की त्याला फ्लेअर म्हणतात, हे मला नंतर कळलं. देवाजीभाऊंना नावाची गरजच नव्हती. ते म्हणायचे, "अप्पर लागला." समोरून येणारी गाडी दिव्यांचा झोत उंच ठेवून डोळ्यांवर मारते तो अप्पर, आणि सभ्य माणूस तो खाली पाडतो ते डिप्पर. त्यांच्या लेखी सूर्य हा एक अप्पर मारत येणारा ट्रक होता. त्याच्याशी भांडायचं नाही, रागवायचं नाही, फक्त नजर बाजूला घ्यायची आणि आपली गाडी सांभाळायची.

कोणी नेमणूक केली नाही, पण पुढच्या मंगळवारी साडेनऊला ते हजर झाले. अंगात नोकरीतला जुना खाकी शर्ट. या कामाला ते ड्यूटी म्हणायचे. आधी फोनचं चकचकीत कव्हर काढायचं, कारण त्याच्या कडेवरूनही उजेड उडतो. मग काच. मग अंगणात उभं राहून सूर्य कुठं आहे ते पाहायचं आणि साडीची दोरी त्याप्रमाणं बांधायची. मग एका बाईनं फोनच्या वर सूप धरायचं. हो, धान पाखडायचं सूप. त्याची सावली काचेवर बरोबर पडते. सूप धरणारीचा हात हलला की मागून आवाज यायचा, "व्हायझर पडला बाई, व्हायझर." सगळं जमलं की, दोनदा घंटा मारून गाडी सोडणाऱ्या कंडक्टरसारखं म्हणायचे, "डबल बेल," आणि फोटो निघायचा. बायकांना याची इतकी सवय झाली की पुढं कोणाची बैठक संपवायची असली तरी "डबल बेल" म्हणत.

फोटो खरंच चांगले यायला लागले. साड्या परत येणं थांबलं.

त्यांच्याही चुका व्हायच्या, त्या लपवण्याइतके ते मोठे कधी झाले नाहीत. जुने ड्रायव्हर पावसात बसच्या काचेवर तंबाखू चोळायचे, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं न राहता सरळ वाहून जायचं. आसगावला त्यांच्या पुतण्याच्या लग्नात भुरभुर सुरू झाली, तेव्हा यांनी मोठ्या विश्वासानं माझ्या फोनच्या काचेवर तंबाखू चोळली. त्या फोटोंत मांडवाच्या माळेतल्या एकेका दिव्याला दोन दोन लांब मिशा आल्या आहेत. नवरदेवाला स्वतःची मिशी नव्हती, ती कसर भरून निघाली. माझ्या फोनला पुढं चार दिवस तंबाखूचा वास येत होता आणि मी फोनवर बोलताना शिंकत होते.

"बसची काच मोठी असते वो बाई," ते म्हणाले. "हिले पचलं नाही."

सूर्याबद्दल मात्र त्यांची चूक मी पाहिली नाही. पवनीच्या स्टँडवर ते रोज सकाळी एक चक्कर मारत. कोणी ओळखीचं भंडाऱ्याला निघालेलं दिसलं की सांगत, "डावीकडं बसजो." सकाळी गाडी उत्तरेला जाते, ऊन उजवीकडून येतं. आणि परत येताना? "तेव्हाही डावीकडं. तोवर सूर्य तिकडं जाऊन बसते, अन् गाडीचं तोंडही फिरलेलं राह्यते." मी हे कागदावर काढून पाहिलं तेव्हा पटलं. भंडाऱ्याला रोज जाणाऱ्या मास्तर, कारकून मंडळींत हे इतकं पसरलं की सकाळच्या गाडीत डावी बाजू आधी भरायची. उजवीकडं बसलेला माणूस बाहेरगावचा, असं खुशाल समजावं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी संध्याकाळी स्कूटर चालवणं बंद केलं. "आजकाल सगळेच अप्परवर गाड्या चालवून राहिले," म्हणाले. मला ते खरंही वाटलं. आमच्याकडच्या मोटरसायकली पाहिल्यावर कोणालाही वाटेल.

मग ते चांगले फोटो नापास करायला लागले.

आधी कधीतरी एखादा. मग रोज. नागपूरच्या एका प्रदर्शनासाठी आम्हाला साड्यांचे फोटो पाठवायचे होते, त्यांच्या पुस्तिकेत ते छापले जाणार होते. शनिवारी दुपारपर्यंत मुदत. सगळ्यात महत्त्वाची साडी कुसुमची होती, करवती काठाची. हा काठ म्हणजे करवतीच्या दातांसारखी विणलेली नक्षी. एकेक दात वेगळा दिसला तरच तिची किंमत कळते. दात पुसट आले तर काठावर काही सांडलंय असं वाटतं.

सोमवारपासून गुरुवारपर्यंत कुसुमनं ती साडी नऊ वेळा दोरीवर घातली आणि नऊ वेळा घडी केली. अंगणात, ओसरीत, शाळेच्या वऱ्हांड्यात. प्रत्येक फोटो पाहून देवाजीभाऊ मान हलवत. "अप्पर आहे." काच पुसली. "आहे अजून." दुसरा फोन घेतला. "यालेही आहे." शेवटी म्हणाले, "या कंपन्याच आता काच खराब घालून राहिल्या." आणि फोटो पुसून टाकत. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. मला त्या फोटोंत काही वावगं दिसत नव्हतं.

गुरुवारी कुसुमनं साडीची घडी माझ्या मांडीवर ठेवली.

"बाई, मी साडी विणली, ती धुण्यासारखी वाळू घालाले नाही विणली. तुम्ही त्याइले सांगा, नाही तं मी सांगतो."

कुसुमच्या सांगण्यापेक्षा माझं सांगणं बरं, हे सगळ्यांना पटलं. त्याच संध्याकाळी मी देवाजीभाऊंकडे गेले. 'आता तुम्ही आराम करा, तुम्हाला उगाच त्रास नको,' असं एक वाक्य वाटेत तयार करून ठेवलं होतं. खोटं वाक्य होतं, पण माझ्याकडे दुसरं नव्हतं.

त्यांची बायको यशोदावहिनी नुकताच देवापुढं दिवा लावून उठली होती. देवाजीभाऊंनी सवयीनं माझ्याकडे हात पुढं केला. मी फोन दिला. त्यांनी उलटा केला, काच पुसली. मग मी त्यात दोन फोटो दाखवले. एक सकाळचा, स्वच्छ. दुसरा मी मुद्दाम सूर्याकडे तोंड करून काढलेला. त्यात साडी दिसतच नव्हती, नुसता झोत होता.

"दोन्हीले अप्पर आहे," ते म्हणाले.

"कोणत्याला जास्त?"

त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला. "सारखाच आहे."

मी तयार केलेलं वाक्य तोंडात आलं होतं. पण समोर देवघर होतं.

"देवाजीभाऊ, त्या दिव्याकडे पाहा. त्याला अप्पर आहे का?"

"आहे ना. चारी बाजूनं रेघा आहे. गोल रिंगणही आहे."

"त्याला काच कुठं आहे?"

तेलाचा दिवा, उघडी वात. पुसायला काहीच नव्हतं. देवाजीभाऊ उठले, दिव्याजवळ गेले, चष्मा काढून चिंधीनं पुसला, लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग चिंधीची नीट घडी करून खिशात ठेवली.

यशोदावहिनी म्हणाली, "वर्षभरापासून मले विचारून राहिले, भाजीत केस आहे का, वरणात केस आहे का. मी म्हणतो केस नाही जी, तुमच्या डोळ्यात पाहून घ्या काय आहे ते. तं म्हणते, तुले काय समजते."

"मोतीबिंदू असेल," मी म्हटलं. "तपासून का नाही घेतलं?"

"डेपोत डोळे तपासले की स्टेअरिंग जात होती, बाई. आमच्यातला एकजण सकाळी तपासाले गेला, अन् दुपारी पंक्चरच्या खात्यात बसला. मी दरवर्षी पास झालो. पण भेव काही गेलं नाही."

"आता तुम्ही कुठली गाडी चालवता?"

"तुमची चालवून राहिलो ना," ते म्हणाले.

मी माझं वाक्य तिथंच सोडलं. म्हटलं, "ऑपरेशन करून घ्या. तोपर्यंत तुमच्या जागी कोणी बसणार नाही. कुसुमच्या साडीचा फोटो उद्या मी काढते."

"तुमचे फोटो पाहिले आहे मी. तुमच्यानं उभा माणूस तिरपा निघते."

"मग येऊन उभे राहा."

शुक्रवारी साडेनऊला ते खाकी शर्ट घालून आले. आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हे काय?" कुसुमनं विचारलं.

"उघडे ठेवले तं मी अजून अप्पर म्हणीन, अन् तू साडी माझ्या डोक्यावर टाकशीन. बंद बरे आहे." त्यांनी मान हळूहळू फिरवली. "ऊन डाव्या गालावर आहे. बाई, माझ्यासमोर या. माझ्याकडं पाठ. आता थोडं उजवीकडं वळा. गाल थंड झाला का?"

"झाला."

"मंग फोनलेही थंड वाटत असन. कुसुम, दोरी चिंचेकडं घे. भिंतीपासून लांब, पांढरी भिंत ऊन फेकते. सूप कोणाजवळ आहे? खाली घे. अजून. बाई, हात पोटाले टेकवा. वळण नाही घ्याचं आता, सरळ रस्ता आहे."

त्यांचे हात पोटासमोर होते, स्टेअरिंगवर. हात हलू नये म्हणून मी श्वास रोखला.

"काच पुसली?"

मी पुसली नव्हती. पुसली.

"डबल बेल."

फोटो निघाला. कुसुमनं फोन माझ्या हातातून घेतला आणि बोटांनी मोठा करून काठ पाहिला. देवाजीभाऊंचे डोळे अजून मिटलेलेच.

"अप्पर आहे का?" त्यांनी विचारलं.

"दात मोजू का?" कुसुम म्हणाली.

"मोज."

तिनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बाकीच्या बायका तिच्या भोवती जमल्या आणि त्याही मोजायला लागल्या, पाढे म्हणावे तसं. सत्तावीसपर्यंत गेल्या, तिथं पडद्याची कड आली. देवाजीभाऊंनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पूर्ण काठ घ्याचा होता, बाई. अर्धाच घेतला."

दुसरा फोटो काढला. तो पुस्तिकेत पहिल्या पानावर छापून आला.

ऑपरेशन भंडाऱ्याला झालं. जातानाही ते डावीकडं बसले आणि शेजारच्याला त्याचं कारण सांगत गेले. काळा चष्मा उतरल्यावर पहिले पंधरा दिवस आम्हा सगळ्यांना जड गेले. त्यांना माझ्या पंख्यावरची धूळ दिसायला लागली, कुसुमच्या मागावरचं जळमट दिसायला लागलं, शेजारच्या दारावरचं चुकीचं शुद्धलेखन दिसायला लागलं. घरी आल्या आल्या ते यशोदावहिनीकडे पाहून म्हणाले होते, "तू म्हातारी झाली. मले सांगितलं नाही."

"सांगत होती," ती म्हणाली. "तुमची काच खराब होती."

मग त्यांनी गटाच्या फोनमध्ये जे काही जुनं सापडलं ते सगळं पाहिलं. नापास केलेले दोन फोटो मी ठेवून दिले होते.

"हे तं चांगले आहे. बाकीचे कोणं पुसले?"

"तुम्ही."

ते कुसुमच्या घरी गेले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. पण पुढच्या दसऱ्याला कुसुमनं फोनला टिळा लावला तो कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात, मसुरीच्या दाण्याएवढा, आणि देवाजीभाऊंना बोलावून तो तपासून घेतला.

ऑपरेशननंतर ते आणखी वर्षभर ड्यूटीवर आले. या काळात त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना सूर्य, सूप आणि काच इतकं नीट शिकवलं की शेवटी त्यांना फक्त "डबल बेल" म्हणायचं काम उरलं. बहुतेक त्यांना तेच हवं होतं. मग लेकीनं दोघांना चंद्रपूरला बोलावून घेतलं.

सकाळच्या गाडीला आम्ही स्टँडवर गेलो. कुसुमनं त्यांना कोशाची नवीकोरी चिंधी दिली, चारी कडा शिवून. देवाजीभाऊंनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि खिशात जुनीच्या खाली ठेवली. मग गाडीच्या पुढं जाऊन बसची समोरची काच पाहिली, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले, ड्रायव्हरनं खाली उतरून फडकं मारलं, आणि मगच हे चढले. या गाडीचं तोंड दक्षिणेला होतं. ते उजवीकडं बसले. यशोदावहिनीला खिडकी दिली.

आपल्याजवळ त्यांचा एकही फोटो नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. चार वर्षं ते नेहमी फोनच्या मागं राहिले होते. मी फोन काढला. वहिनीच्या मागून ते वाकले, माझ्याकडे पाहिलं, आणि हसायच्या ऐवजी अंगठा आणि बोट एकत्र करून हवेत गोल गोल फिरवायला लागले.

मी फोन उलटा केला. काचेवर माझ्याच बोटाचा तेलकट ठसा होता. वाफ सोडली, पदरानं पुसलं, सूर्य कुठं आहे ते पाहिलं, डाव्या हाताची सावली धरली. तेवढ्यात कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली.

फोटोत एसटीची मागची बाजू आली आहे. नंबर वाचता येतो, शिडीच्या पायऱ्या मोजता येतात. अप्पर अजिबात नाही.